वरून ओतलेलं सूप

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ट्रॉयला राहताना मला मोठमोठ्या शेफच्या पुस्तकांचं वेड लागलं होतं. लायब्ररीतून आणून मी ती कादंबरीसारखी वाचायचे आणि अधूनमधून नवऱ्याला ओढत महागड्या रेस्टॉरंटात न्यायचे. आई नागपूरहून आली तेव्हा तिलाही मोठ्या हौसेनं नेलं.

वेटरनं तिच्यासमोर रिकामा बाऊल ठेवला आणि जग उंच धरून सूपची बारीक धार सोडली. टेबलापाशी असं ओतण्याचं कौतुक मी पुस्तकांत कितीदा वाचलं होतं. आईचे दोन्ही हात मात्र आपोआप पुढे आले, ओंजळ करून. वेटर थबकला. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर सवर्ण लोक आमच्या लोकांच्या ओंजळीत असंच वरून पाणी ओतायचे, विटाळ नको म्हणून.

"आई, हात खाली घे. लोक बघताहेत," मी तिच्यावरच चिडले.

तिनं हात मांडीवर ठेवले आणि सूप छान आहे म्हणाली.

रविवारी मी तेच सूप घरी केलं. टेबलापाशी ओता, असं पुस्तकात होतं. मी ओट्यावरच बाऊल भरला आणि तिच्या हातात दिला, माझी बोटं तिच्या बोटांना लागतील असा.