गावठी सुपरस्कोर

"हा बघा आपला गावठी सुपरस्कोर!" माझ्या खांद्यावर हात ठेवून आमच्या संस्थेचे चिटणीससाहेब म्हणाले. ऑफिसात सहा-सात माणसं पेढे खात होती. सगळी हसली. मीही हसलो. ते हसणं अजून तोंडात कडू आहे.

पेढे साहेबांच्या मुलाच्या प्रवेशाचे होते. परदेशातल्या कॉलेजांची प्रवेशपरीक्षा त्याने तीनदा दिली. दर वेळी मुंबईला, घरच्या गाडीने. पहिल्यांदा इंग्रजी चांगलं गेलं, गणित कमी पडलं. तिसऱ्यांदा गणित वर आलं, इंग्रजी घसरलं. तिकडच्या कॉलेजने पहिल्यातलं इंग्रजी घेतलं, तिसऱ्यातलं गणित घेतलं आणि बेरीज केली. याला सुपरस्कोर म्हणतात.

रत्नागिरीत आमच्या संस्थेचं ज्युनिअर कॉलेज आहे, मुलींचं वसतिगृह आहे. मी तिथला कारकून. अभिनंदनाचा फलक मला लिहायचा होता, म्हणून विचारलं, "साहेब, मार्क कुठल्या परीक्षेचे लिहू? पहिल्या की तिसऱ्या?"

"कुठल्या काय? बेरीज लिही. तिकडे पोराचं उत्तम तेवढं बघतात. उणं काढत बसत नाहीत." मग त्यांना आठवलं. "अरे, तूही तसलाच ना? मार्चात पाच विषय, ऑक्टोबरात एक!"

खरं आहे. दहावीला मार्चमध्ये माझं इंग्रजी गेलं. वडील दाभोळला होडीवर. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. पास झालेले विषय धरायचे, राहिलेला पुन्हा द्यायचा, असा बोर्डाचाच नियम होता. ऑक्टोबरात इंग्रजी काढलं. अकरावीच्या प्रवेशाला गेलो तर खिडकीतल्या कारकुनाने माझं मार्कशीट सगळ्या रांगेला दिसेल असं उंच धरलं. "सहा विषयांना दोन ठिगळं! मार्कशीट आहे की गोधडी?"

दोन वर्षं माझं नाव गोधडी होतं. एक सर हजेरीतही तेच नाव घेत.

पुढे मी तशाच एका खिडकीत बसलो. आणि काय केलं? नोकरीच्या पहिल्याच वर्षी वसतिगृहाच्या यादीत एक रकाना वाढवला. 'फेर'. फेरपरीक्षेतून आलेली मुलगी असेल तिथे लाल खूण. लाल खुणेच्या मुली शेवटी, टक्के कितीही असोत. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काटेकोर दिसावं म्हणून केलं. मी फेरवाल्यांतला नाही, हे दिसावं म्हणून केलं. साहेबांनी मान डोलावली. झाला नियम. वेळणेश्वरची एक मुलगी आठवते. जागा नाही म्हटल्यावर तिने अर्जाची घडी घातली, मग घडीची घडी, पार मुठीत मावेपर्यंत. बाकीच्या किती परत गेल्या, मी मोजलंही नाही.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी अंजनवेलहून एक मुलगी आली. सोबत आई.

"ओ भाऊ, गणित तेवढा राहिला होता हिचा," आई म्हणाली. "जुलैत काढलान हिनं. रोज येऊन-जाऊन नाय जमायचा इतक्या लांबना. वसतिगृहात घेतलात तर शिकंल. नाय तर राहिलाच."

टक्के चांगले होते. हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

"सर, खूण करणार?" मुलीने विचारलं. बाहेर कुणीतरी तिला सांगितलं असणार.

मी पेनाचं टोपण काढलं.

"दोन्ही परीक्षा मीच दिल्या ना?"

पेन खाली ठेवलं. आदल्या दिवशीची साहेबांची बेरीज आठवली.

यादी नव्याने केली. नुसत्या मार्कांवर. ती मुलगी नववी आली, म्हणजे जागा मिळण्याइतकी वर. यादी साहेबांपुढे ठेवली.

"रकाना कुठे गेला?"

"काढला."

"कुणाला विचारून?"

"घातला तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं."

ते खुर्चीत मागे रेलले. "फलकाचं काय झालं?"

"लिहिला नाही. तुमच्या मुलाच्या नावापुढे 'फेर' लागत नसेल, तर अंजनवेलच्या या मुलीच्याही लागणार नाही."

"त्याची बरोबरी तू हिच्याशी करतोस?"

"हो."

"डोकं फिरलंय तुझं. यादी ठेव आणि जा."

फलक दुसऱ्याने लिहिला. गेटवर लागला. यादी आठ दिवस सहीविना त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. तेव्हापासून ऑफिसात कुणी माझ्याशी बोलत नाही.

आज सकाळी मुलीची आई पुन्हा आली. मी तिला अर्ज लिहून दिला. जागा द्या, नाही तर का देत नाही ते लेखी कळवा. तिने सही केली. मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, पोच तिच्या हातात दिली. आता साहेबांना कागदावर उत्तर द्यावं लागेल. चौकशी होईल. हा रकाना कुणी सुरू केला, असं विचारतील. साहेबांचं नाव घेऊन सुटणार नाही मी. माझं नाव सांगणार आहे. किती वर्षं चालवला, तेही. आणि मागच्या सगळ्या याद्या कपाटातून काढून चौकशी करणाऱ्यांपुढे मांडणार आहे.