स्वाध्याय माझाच होता

"फरशी पुसणारी बाई समाजशास्त्र लिहिते. ऐका सगळ्यांनी."

सर असं म्हणाले आणि त्यांनी माझा स्वाध्याय मोठ्यानं वाचायला घेतला. रविवार होता. रत्नागिरीतल्या त्या कॉलेजच्या संगणक कक्षात तीस-पस्तीस जण बसलेले. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, दोघे पोलीस. सगळे माझ्यासारखेच दूरशिक्षणानं बी.ए. करणारे. धडे इंटरनेटवर वाचायचे, स्वाध्याय इंटरनेटवरून पाठवायचे, महिन्यातून एक रविवार केंद्रावर यायचं. केंद्र त्या कॉलेजात होतं आणि सर केंद्राचे प्रमुख होते. मी शेवटच्या रांगेत बसले होते. सोमवार ते शनिवार सकाळी सातला त्याच खोलीची फरशी मी पुसायची. रोजंदारीवर होते.

सर वाचत होते. माझी वाक्यं. "एसटीत कुणी कुठं बसायचं हे कुठंही लिहिलेलं नाही. तरी आमच्या गावात ते सगळ्यांना माहीत आहे. हा अलिखित नियम मोडायला मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा..."

थांबले. चष्म्यावरून बघितलं.

"अलिखित म्हणजे काय गं?"

मला माहीत होतं. शब्द मीच लिहिला होता. पण जीभ हललीच नाही. कानात नुसती घुंई. पस्तीस डोकी मागं वळली होती. मी उभी राहिले आणि बाकाची कड धरली.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"बसा," सर म्हणाले. "हे कुणी लिहून दिलं ते उद्या येऊन सांगा."

मी बसले. पुढचा दीड तास सर काय शिकवत होते, आजही सांगता येणार नाही.

ही दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी मूळची मंडणगड तालुक्यातली. गावाच्या टोकाला आमची बौद्धवाडी. बारावीनंतर मराठी टायपिंगची परीक्षा दिली, मग लग्न झालं. नवरा मुंबईला गोदामात कामाला. मी आणि सासू रत्नागिरीत, कॉलेजच्या मागच्या एका खोलीत राहायचो. खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोली गेली.

त्याच कॉलेजच्या फळ्यावर एकदा दूरशिक्षणाची जाहिरात लागली. ती चिकटवायला मलाच खळ लावायला सांगितली होती. चिकटवली आणि तिथंच उभी राहून दोनदा वाचली. फॉर्म भरताना ऑफिसातल्या क्लार्क मॅडमनी विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी पेन दिलं.

कॉलेजच्या संगणकाला हात लावायची मला परवानगी नव्हती. पुसायचे, चालू करायचे नाहीत. म्हणून दुपारी दोनला सुटले की मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायची. तो चालवणारे भाई पूर्णगडचे. बारा वर्षं आखातात ऑफिसात काम करून परत आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला ईमेल कसा उघडायचा ते दाखवलं, पासवर्ड टाकायच्या वेळी तोंड दुसरीकडं केलं. "हा तुमचा, ताई. मलाही सांगू नका."

पासवर्ड चुकेल याची भीती. लाइट जाईल आणि लिहिलेलं पुसलं जाईल याची भीती. दोनदा गेलंसुद्धा. पुन्हा लिहिलं.

विद्यापीठाच्या साइटवर मी एक क्रमांक होते. तपासणारे कुठं बसतात, बाई की बुवा, मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही मी कोण ते ठाऊक नव्हतं. एसटीतल्या बसण्यावर लिहिलेल्या त्या स्वाध्यायाला त्यांनी वीसपैकी सतरा दिले. खाली शेरा होता. "निरीक्षण स्वतःचे आहे. असेच लिहा." आयुष्यात मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. मी ती ओळ वहीत उतरवून घेतली.

त्या रविवारच्या आधी गुणांची यादी आणि स्वाध्याय केंद्रावर आले, तेव्हा सरांना कळलं की सगळ्यांत जास्त गुणांचा तो क्रमांक माझा आहे.

सोमवारी सकाळी खोली पुसून झाल्यावर मी केबिनच्या दारात उभी राहिले. सरांनी टाइप केलेला एक कागद टेबलावर सरकवला. "सदर स्वाध्याय मी दुसऱ्या व्यक्तीकडून लिहून घेतला. माझी चूक मला मान्य आहे. मी अभ्यासक्रमातून स्वेच्छेने नाव काढून घेत आहे." खाली माझं नाव. सहीसाठी रेघ.

"सर, मी लिहिलंय ते."

"रविवारी एका शब्दाचा अर्थ सांगता आला नाही तुला."

"घाबरले होते."

"हे बघ," सर समजुतीच्या आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुमच्या लोकांना हल्ली सगळं पटकन पाहिजे असतं. मी पोलिसात देऊ शकतो. देत नाही. सही कर, झाडू हातात घे, विषय संपला. बुधवारपर्यंत वेळ देतो."

तुमच्या लोकांना. एवढंच बोलले. त्याहून जास्त काही बोलायची त्यांना गरज नव्हती.

ते दोन दिवस मी कशी जगले ते मलाच माहीत. हातातून बादली सुटायची. जेवण जायचं नाही. पोलिसाची टोपी दिसली की मी रस्ता बदलायची. वाटायचं, खरंच काही केलंय का मी? तो शब्द मी कुठं वाचला होता? वाचलेला शब्द वापरला तर ती चोरी होते का? इथपर्यंत डोकं गेलं होतं. भीतीनं माणूस स्वतःच्या अक्षरावरसुद्धा शंका घेतो.

सासूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"सई कर गो बाय. त्यानं खोलीतनं काडलान तर जायाचं कुटं?"

मुंबईला फोन लावला. नवरा म्हणाला, "शिकून कोण तुला खुर्ची देणार आहे? सही कर." रागानं म्हणाला नाही. तोही घाबरला होता.

मंगळवारी दुपारी मी कॅफेत गेले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. नुसती संगणकासमोर बसले. भाईंनी चेहरा बघून विचारलं, "काय झालं, ताई?" सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "तिकडं आमचे पासपोर्ट मालकाकडं असायचे. कागद पुढं आला की आम्ही सही करायचो. काय लिहिलंय ते नंतर कळायचं. तुम्हाला तर आधीच वाचता येतंय."

मी साइट उघडली. तो शेरा पुन्हा वाचला. ज्यांनी मला बघितलं नव्हतं त्यांना माझं लिहिणं खरं वाटलं होतं. ज्यांनी बघितलं त्यांना ते खोटं वाटलं. लिहिलेलं तेच होतं. एक अक्षर बदललं नव्हतं. म्हणजे खोट माझ्या लिहिण्यात नव्हती. बघणाऱ्याला मी दिसत होते, माझा झाडू दिसत होता, माझी वाडी दिसत होती.

हे समजलं तेव्हा भीती गेली असं मी म्हणणार नाही. उलट वाढली. कारण आता सही करायला मला कारणच उरलं नव्हतं.

मी विद्यापीठाला ईमेल लिहिला. चार ओळी. स्वाध्याय माझा आहे. मला कुठल्याही केंद्रावर बोलवा, कुणाही समोर बसवा, विषय तुम्ही द्या. मी लिहीन. माझा क्रमांक टाकताना तीनदा चुकला. पाठवला. भाईंनी छापून दिला.

बुधवारी केबिनमध्ये सर होते आणि क्लार्क मॅडम. सरांनी कागद पुढं केला, पेन दिलं. मी पेन घेतलं. सर दुसऱ्या फायलीत बघू लागले, काम झाल्यासारखं.

सहीच्या रेघेखाली जागा होती. तिथं मी लिहिलं. "वरील मजकूर खोटा आहे. स्वाध्याय मीच लिहिला. म्हणून मी सही करत नाही." अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.

सरांनी वाचलं. मान लाल झाली.

"हे काय लिहिलंस तू?"

"मी लिहिलंय, सर. तुमच्यासमोर."

आवाज फाटका निघाला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी विद्यापीठाच्या ईमेलची प्रत टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. व्हरांड्यात येऊन उलटी झाली. ती मीच पुसली. त्या कॉलेजातलं माझं ते शेवटचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेले, तर कामावरून काढल्याचं सांगितलं. आठवड्यात खोली सोडायला लावली. सासूनं भांडी बांधली, माझ्याशी बोलली नाही. कुवारबावला नणंदेच्या घरी आम्ही पडवीत राहिलो. नवरा गणपतीला आला, तोही धड बोलला नाही. मी एका शिवणवर्गात काजं-बटणं करायला लागले. महिनाभर विद्यापीठाचं उत्तर नाही. दार वाजलं की पोलीस आले असंच वाटायचं.

मग उत्तर आलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर मला बोलावलं होतं. दोन अनोळखी माणसांनी विषय दिला, दोन तास बसवलं. पहिली पंधरा मिनिटं मी कोऱ्या कागदाकडं बघत बसले, हात उचलेना. मग लिहिलं. स्वाध्याय माझाच ठरला. पण त्या भानगडीत एक परीक्षा बुडाली होती. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. पोस्टानं आली. सरांना कुणी काही विचारलं नाही. ते अजून त्याच केबिनमध्ये आहेत.

राजापुरात मुलींच्या वसतिगृहात मला नोकरी लागली. एकदा तिथल्या बाजारात क्लार्क मॅडम भेटल्या. निवृत्त झाल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तू लिहिलंस ना त्या कागदावर. तुझ्याआधी चौघींनी सह्या केल्या होत्या. सगळ्याजणी तुझ्यासारख्याच वाड्यांतल्या. कागद फायलीत लावले मीच."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"मला भीती वाटली."

मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. माफही केलं नाही. चौघींची नावं विचारली. तीन त्यांना आठवली. ती मी लिहून घेतली.

दोघींचा पत्ता लागलाय. एक लांज्याजवळ काजूच्या कारखान्यात आहे. ती म्हणाली, "आता कशाला उकरून काढता?" मी सांगितलं, "तू नको येऊस. तुझं नाव मात्र मला वापरू दे." तिनं हातातला काजू सोलला. मग हो म्हणाली.

विद्यापीठाला अर्ज गेलाय. त्या फायलीतले सगळे कागद तपासा, त्या मुलींना पुन्हा बसू द्या. खाली माझं पूर्ण नाव आहे, माझ्या गावाचं आहे, वाडीचंही. चौकशीला मला त्याच केबिनमध्ये बोलावतील. त्या दाराच्या विचारानं आजही माझे तळहात ओले होतात. बोलावलं की मी जाणार. जीभ अडकली तर लिहून देणार. आणि फाईल माझ्यासमोर उघडल्याशिवाय उठणार नाही.