कोनिस म्हणजे धूळ

मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आप्पांचा खोकला वाढला. आप्पा म्हणजे माझे वडील. लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या एका कंपनीत ते फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या भागांना जळकी वाळू चिकटलेली असायची, ती छिन्नीने आणि ग्राइंडरने साफ करायची, हे त्यांचं काम. बीडकडचं गाव सोडून आले तेव्हापासून, म्हणजे चौदा-पंधरा वर्षं, ते हेच करत होते. तोंडाला पंचा बांधायचे. शिफ्ट संपताना कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. गुळाने छाती साफ होते, असं सगळेच म्हणत.

आमच्या काळेवाडीच्या दोन खोल्यांत इंग्रजी कागद आला की तो माझ्यासमोर यायचा. मी मराठी शाळेतून आलेली. कॉलेजात जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं की रडू यायचं. आमच्या मॅडमनी ते ओळखलं असावं. एकदा त्या वर्गात म्हणाल्या, "लांब शब्द हा उसासारखा असतो. पेरं शोधा आणि पेरावर तोडा. शाळेत समास सोडवलेत ना तुम्ही? पीतांबर म्हणजे काय ते न घोकता कळतं. हे तसंच आहे, फक्त ग्रीक आणि लॅटिन."

मी एक वही केली. हायड्रो म्हणजे पाणी, डर्मा म्हणजे कातडी, हेपार म्हणजे यकृत. शब्दाच्या शेवटी आयटिस आलं की सूज, ओसिस आलं की जडलेली अवस्था. तीन-चार महिन्यांत वही भरत आली आणि मला जरा माजही चढला. शेजारणीच्या औषधाची बाटली हातात घेऊन मी ती कशावरची आहे ते सांगायचे, आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं.

सरकारी दवाखान्याने आप्पांना पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे छातीचा फोटो काढला आणि एक कागद दिला. आईने तो माझ्यापुढे ठेवला. "काय लिवलंय, वाच."

शब्द होता न्यूमोकोनिओसिस. मी पेरं मोजली. न्यूमोन म्हणजे फुप्फुस, ते माहीत होतं. ओसिसही माहीत होतं. मधलं कोनि वहीत नव्हतं. पण सूचिपर्णी झाडांच्या धड्यात कोन आला होता, शंकूसारखं फळ. मी तोच इथे बसवला.

"फुप्फुसात शंकूसारखं काहीतरी झालंय," मी म्हणाले.

"म्हंजे गाठ?" आईने विचारलं.

मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा माहीत नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तसंच असेल."

पुढचा आठवडा आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि तव्याकडे बघत राहायची. आप्पा कामावर जात होते. एकदा त्यांनी मला विचारलं, "केवढी आसंल गं गाठ?" शेवटी वही आणि कागद घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी स्टाफरूमच्या कपाटातून जाड कोश काढला. बोट ठेवून वाचलं आणि चष्मा काढला.

"कोन नाही हे. कोनिस. ग्रीकमध्ये कोनिस म्हणजे धूळ." मग त्यांनी विचारलं, "वडील कुठं काम करतात तुझे?"

मी सांगितलं. त्यांनी कोश मिटला. मग एवढंच म्हणाल्या, "वहीत नसलेला शब्द ओढूनताणून लावू नये. मी हे वर्गात सांगायला हवं होतं."

घरी येऊन मी सांगितलं की गाठ नाही, धूळ आहे. आईने हात जोडले. धूळ ऐकून तिला बरं वाटलं, धूळ झाडता येते असं तिला वाटलं असेल. आप्पा मात्र माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ते मला म्हाईत हाय, माय. पंचा धुतो तवा पानी काळं व्हतं. डाक्टरला ग्रीकमधी लिवाया लागलं, एवढंच."

पंधरा दिवसांनी कंपनीने आप्पांना ऑफिसात बोलावलं. कागद इंग्रजीत असणार म्हणून ते मला घेऊन गेले. कामगारांचं बघणारे साहेब सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली. टेबलावर दोन कागद होते. एक राजीनाम्याचा, प्रकृतीच्या कारणाने स्वखुशीने, असा. दुसरा कंपनीच्या डॉक्टरचा दाखला. त्यावर लिहिलं होतं क्रॉनिक ब्रॉन्कायटिस.

क्रोनोस म्हणजे काळ. ब्रॉन्कोस म्हणजे श्वासनळी. आयटिस म्हणजे सूज. या वेळी सगळी पेरं वहीतली होती. मी दोनदा वाचलं.

"साहेब, पुण्याच्या कागदावर वेगळा शब्द आहे," मी म्हणाले.

"एकाच दुखण्याची दोन नावं असतात, बाई."

"पण त्या नावात धूळ आहे. यात नाही."

त्यांनी कागद स्वतःकडे वळवला. "कुठं आहे धूळ?"

मी पर्समधून पुण्याचा कागद काढला आणि शब्दाच्या मधल्या भागावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग आप्पांना म्हणाले, "बिडी ओढता ना तुम्ही?"

"ओढतो," आप्पा म्हणाले.

"मग?"

एवढ्या एका शब्दावर मी किती वजन टाकलं होतं, ते मला तेव्हा कळलं. आप्पांनी पेन उचललं, परत ठेवलं आणि म्हणाले, "पोरीला नीट वाचू द्या साहेब. मंग करतो सही."

त्यांनी सही केली नाही. मीच करू दिली नाही, असं म्हणायला हवं. युनियनच्या माणसांनी पुण्याचा कागद जोडून भरपाईसाठी अर्ज केला आणि आमच्या तारखा सुरू झाल्या. आप्पांना स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं, पण तिथे जायला जिना चढावा लागायचा. सही केली असती तर ते तेव्हाच गावी गेले असते. तिथे चुलत्यांचं मोकळं घर होतं, हवा होती. आईने हे मला तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. शेजारणीशी बोलताना मात्र ती म्हणायची, "शिकलेल्या लेकीचं ऐकलं."

त्या काळात फेटलिंगची माणसं रविवारी आमच्याकडे येऊ लागली. हातात घडी घातलेले कागद. मी वही उघडून बसायचे. काहींच्या कागदावर नुसता दमा असायचा. काहींवर तो शब्द असायचा, आणि तो दिसला की मी वर बघायच्या आधीच माणसाला कळायचं. रहाटणीहून येणाऱ्या एकाने विचारलं होतं, "ताई, मधला तुकडा काढता येतो का?" तो थट्टा करत नव्हता. त्यानंतर मी कुणालाही आधी कोशात बघितल्याशिवाय काही सांगितलं नाही. मॅडम मला कोश घरी नेऊ द्यायच्या.

तीन वर्षांनी डॉक्टरांच्या मंडळाने आप्पांना तपासलं आणि पुण्याचाच शब्द कायम केला. कंपनीला भरपाई द्यावी लागली. तोवर आप्पा गल्लीतल्या नळापर्यंतही एका दमात जाऊ शकत नव्हते. एका दुपारी ते उशा रचून टेकून बसले होते, मी शेजारी होते. मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी सही करू दिली असती तर बरं झालं असतं का?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते.

"गावाकडं बरं वाटलं आसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर लोक म्हनले आसते, बिडीनं गेला."

ते पुढच्या हिवाळ्यात गेले. यातलं कोणतं वाक्य मला दिलेलं उत्तर होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. आईला मी दोन्ही सांगितली नाहीत.