काढलेलं नाव

“काढलंय काय काय, ते आधी सांगा.” पुण्याहून कुणी प्रोग्रॅमच्या नव्या फ्लॉप्या घेऊन आलं, की चष्मा कपाळावर सरकवून आमचे संगणकवाले काका एवढंच विचारायचे. नवं काय आलंय, हे ऐकायची त्यांना घाई नसे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दुष्काळाच्या त्या काळात कळंबकडच्या एखाद्या सहकारी साखर कारखान्यात तुम्ही गेला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडचा एकुलता एक संगणक त्यांच्या हाती होता. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून.

त्या हंगामात सभासदांच्या जनावरांना कारखाना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चारा म्हणून देई. चिठ्ठी संगणकातून निघे. सभासद वारलेला असला, तर प्रोग्रॅममधला ‘वारस’ हा छोटा भाग त्याच्या नावाखाली बायकोचं नाव छापी.

काका लेकीकडं बेंबळीला गेले असताना पुण्याच्या इंजिनिअरनं नवा प्रोग्रॅम चढवला आणि जुना पुसून टाकला. नव्यात वारसाचा भागच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर विधवा बायका अडल्या; चिठ्ठीवर फक्त वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं.

“सभासद कुठं हाय?” वॉचमन म्हणाला.

“ते असते तर म्या कशाला आले असते? दावणीला बैल उपाशी हाय माझा!”

तेवढ्यात काका एसटीतून उतरून तसेच आत आले.

“काका, तो भाग कुणी वापरत नाही,” इंजिनिअर म्हणाला. “पुण्यात तरी नाही.”

“पुण्यात माणसं मरत न्हाईत का?”



“जुनाच परत चढवा की,” मी सुचवलं.

“नको,” काका म्हणाले, “नव्यात सगळे हिशेब चढलेत. वारसाच्या भागावर जे काम सोपवलं होतं, तेवढं हातानं करून घेऊ.”

कपाटात जपलेल्या जुन्या फ्लॉपीवरून त्यांनी वारसांची नावं काढली. नव्या प्रोग्रॅममध्ये नावासाठी एकच जागा होती. तिथलं नवऱ्याचं नाव काढून ते एकेका बाईचं नाव घालत गेले. दुपारपर्यंत चिठ्ठ्या निघाल्या.

बैलवाल्या बाईनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. “वाचा की, भाऊ.”

त्यांनी तिचं नाव वाचलं.

“आन् मालकाचं?”

त्यांनी चष्मा काढला. “ते काढावं लागलं, बाई.”

ती हळूच म्हणाली, “काढून कुठं ठेवलं?”

मला वाटलं, आता हे काहीतरी सांगून समजूत घालतील. त्यांनी कपाट उघडून ती काळी चौकोनी फ्लॉपी तिच्या हातात दिली. “ह्याच्यात हाय. हे म्या पुसणार न्हाय.”

तिनं पदराच्या टोकानं फ्लॉपीवरची धूळ टिपली, ती परत त्यांच्या हातात ठेवली आणि वाढ्याचा भारा उचलायला गेली.