ईदच्या दिवशी रिकामा केलेला जार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही. त्या दिवशीचं माझं माप खरं होतं, आणि त्या मापाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

संगमनेरच्या एका कॉलेजात मी अतिवाहक पदार्थांवर काम करते. भट्टीत भाजलेली काळी वडी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि विजेला होणारा तिचा रोध शून्यावर येतो का, ते बघायचं. तेव्हा पुण्याहून येणारा नायट्रोजन अडकला होता. मग मागायचा कुणाकडे? — दूध संघात गायींचं कृत्रिम रेतन करणाऱ्या रशीदभाईंकडे. त्यांच्या जारमध्ये वळूंच्या वीर्याच्या कांड्या त्याच नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या असायच्या. ईदच्या सुट्टीला त्यांनी जार कांड्यांसकट माझ्याकडे आणून ठेवला, सोबत शिरखुर्म्याचा डबा.

"लागंल तेवढा घ्या मॅडम, पण कांड्या उघड्या पडू देऊ नका. लई नाजूक माल हाय."

दुपारी रोध शून्यावर आला. थांबायचं ना? पण एकदा आलेलं माप म्हणजे माप नव्हे, हे मीच पोरांना शिकवते. म्हणून पुन्हा. मग तिसऱ्यांदा — जारचा तळ दिसेपर्यंत. कांड्या सकाळपर्यंत कोरड्या राहिल्या. सकाळी पुण्याची गाडी आली, मी जार काठोकाठ भरून परत दिला. कांड्या खराब झाल्या तरी वरून काही कळत नाही. रशीदभाईंनी उलट माझेच आभार मानले.

पुढे गायी गाभण राहीनात. हा माणूस कांड्यांत पाणी भरतो, असं गावोगाव झालं. संघानं त्यांना काढायच्या आधी ते माझ्याकडे आले होते.

"तुमच्याकडं असताना नायट्रोजन कमी पडला हुता का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हटलं. घाबरून? छे! शोधनिबंध छापायला गेला होता, आणि त्याच्या आसपास मला कसलीही कटकट नको होती. विज्ञानासाठी किंमत मोजावी लागते, असलं काही मला ऐकवू नका. मोजली रशीदभाईंनी, तीही त्यांना न विचारता.

आता ते पारनेरला जावयाचा टेम्पो चालवतात. भेटले की अजून विचारतात, वडी कशी आहे.

माझ्या प्रयोगवहीत त्या पानावर तीनदा लिहिलंय — रोध शून्य. शेजारचा नायट्रोजनच्या पातळीचा रकाना कोरा आहे. पोरांच्या वहीत असा कोरा रकाना दिसला, की मी वही फेकून देते.