राजेळी सोलणारे हात

माझ्या फोटोंत माणसांना तोंडं नसायची. म्हणजे असायची, पण मी ती घ्यायचोच नाही. रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून बोळिंजच्या फ्लॅटमधून बाहेर पडायचं आणि कामात असलेल्या माणसांचे हात टिपायचे, हा नव्वदच्या दशकात मला जडलेला नाद. राजोडीला बोंबील वाळत घालणारे हात, गाद्या पिंजणाऱ्याचे हात, न्हाव्याचे, गवंड्याचे. चेहरा कॅमेऱ्यासमोर नाटक करतो आणि हात आपलं काम करत राहतात, असं माझं ठाम मत होतं. बायको प्रिंट बघून म्हणायची, सगळं गाव काय मुंडकं घरी ठेवून कामाला जातं का? मी चिडायचो. आता वाटतं, तिचं ऐकायला हवं होतं.

अशाच एका हिवाळ्यात मला सुकेळीवाली काकी सापडली. आगाशीच्या वाटेवर तिची केळीची वाडी होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची. रोज संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. मग ती मधासारखी लालसर व्हायची, तीच सुकेळी. मी गेलो तेव्हा ती सोलत बसली होती, आणि मी बघतच राहिलो. सुरी नाही, घाई नाही, आणि एवढ्या पिकल्या केळ्याला कुठे नखाचा ओरखडा नाही. हे जमतं कसं? मला राहवेना. फोटो काढू का, म्हणून विचारलं.

ती म्हणाली, काढा, पण वाडी दिसली पाहिजे. कारणही लगेच सांगितलं, आडपडदा नव्हता. नवरा गेला होता आणि सातबाऱ्यावर तिचं नाव अजून चढलं नव्हतं. धाकटा दीर तलाठ्याला सांगत होता की वाडी पडीक आहे, वहिनी तिकडे फिरकतसुद्धा नाही. त्याला वाडी बिल्डरला द्यायची होती. काकीला कुणीतरी सांगितलं होतं की वाडीत काम करतानाचा फोटो असला तर उपयोगी पडेल.

मी हो हो म्हटलं आणि कॅमेरा तिच्या बोटांवर रोखला.

पाच रविवार गेलो. डाव्या हाताची करंगळी तिला वाकवता यायची नाही, तरी ती केळं कसं पेलते हे बघण्यात अख्खी सकाळ जायची. ती देठाकडून नव्हे, टोकाकडून सोलायची. वाळलं की नाही हे अंगठ्यानं न दाबता बोटाच्या पाठीनं चाचपायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, अंगठ्याला जोर कळतो, केळं कळत नाही. मी खूश. रोलवर रोल संपवले.

जूनमध्ये सातबाऱ्याच्या नोंदीची चौकशी लागली आणि ती फोटो न्यायला घरी आली. मी गठ्ठा पुढे ठेवला. तिनं एकेक फोटो उलटला, पुन्हा सुलटा केला.

"यात मी कुठे आहे?" तिनं विचारलं. "आणि वाडी?"

माझं तोंड उतरलं. लाज वाटली, अगदी खोल. मी म्हटलं, आत्ता जाऊ, चार केळी घेऊन नुसत्या बसा, मी नीट फोटो काढतो. पावसात सुकेळी कोण घालतं, असला फोटो बघून तलाठीच हसेल, म्हणाली. मग मीच साक्षीला येतो म्हटलं. दुसरं करणार काय?

चावडीवर तलाठ्याच्या वरचे सर्कल साहेब बसले होते. दिरानं फोटो बघितले आणि हे हात कुणाचेही असतील म्हणून बाजूला सारले. साहेब माझ्याकडे वळले. पाच वेळा वाडीत गेलात ना? मग विहीर कुठल्या बाजूला आहे?

मी आठवायला लागलो. मांडव आठवला, टोपली आठवली. विहीर? शेजारी घर होतं की कुंपण? काही म्हणजे काही आठवेना. दीर गालात हसला. तिची वाडी माझ्यामुळे जाणार, असं मला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात काकी म्हणाली, "साहेब, याला वाडीचं विचारू नका. हातांचं विचारा."

मी सांगत सुटलो. करंगळी, टोकाकडून सोलणं, बोटाची पाठ, अंगठ्याचं ते बोलणं, सगळं. साहेबांनी तिला हात पुढे करायला सांगितले आणि फोटो शेजारी धरला. मग दिराला विचारलं, हे म्हणतात ते खरं आहे?

दिरानं बाजूला सारलेला एक फोटो पुन्हा ओढून घेतला. मग म्हणाला, "आमची आई त्या वाडीत असंच करायची. आता हिलाच येतं."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आमच्या सह्या घेतल्या. पावसाळा सरता सरता सातबाऱ्यावर काकीचं नाव चढलं.

पण त्या दिवशी चावडीबाहेर ती आभार मानेल म्हणून मी घुटमळलो, तर ती रागानं लाल झालेली. छत्री उघडता उघडता म्हणाली, "पाच रविवार माझ्याकडे पानी प्यायलास. ते येतं कुठून, एकदापन मान वर करून बघितलं नाय?"