पत्र्याच्या इंजिनावरची छागल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढंच ना! आणि मग मलाही वाटलं असतं – एवढंच तर. म्हणून नाही सांगितलं. की भ्यालो म्हणून? बघा, सुरुवातीलाच माझा गोंधळ.

मी धाराशिवचा, शाळामास्तर, आता रिटायर. वेड एकच – वाफेची इंजिनं. येडशीवरून जाणारी नॅरो गेजची छोटी गाडी बंद होऊन जमाना झाला. पण माझ्यासारखे काही येडे अजून तिचे फोटो जमवतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शिट्टीच्या आवाजावरून हुज्जत घालतात. त्या ग्रुपमध्ये मला लई मान. का? तर म्हणे मी लहानपणी त्या इंजिनात बसून गेलो होतो. थेट ड्रायव्हरशेजारी.

बसलो नव्हतो.

ड्रायव्हरनं हात केला होता, हे खरं. ‘ये रे, चढ’ म्हणाला होता. मी पायरीवर एक पाय ठेवला, तेवढ्यात बाजूनं वाफ सुटली – फस्सकन – आणि मी जी धूम ठोकली ती थेट मामाच्या बैलगाडीखाली. पुढं वर्गात पोरांना सांगताना मी एक पाय वर ठेवला, मग दुसराही. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. असं होतं का हो तुमचंही? की मीच तेवढा?

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग अन्वरनं ते इंजिन करायला घेतलं.

अन्वर माझा जुना विद्यार्थी. पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करतो. त्याचे वडील, मेहबूबचाचा, त्या छोट्या गाडीवर फायरमन होते, उभी हयात भट्टीत कोळसा टाकण्यात गेली. अब्बांना बघायला मिळावं म्हणून त्यानं मॉडेल करायचं काढलं. पावडरच्या डब्याचा बॉयलर, खेळण्यातल्या गाडीची मोटर आणि रूळ. मी रोज संध्याकाळी दुकानात. चाचा खुर्चीत बसून सांगायचे, अन्वर पत्रा कापायचा, कथलाचा डाग देऊन जोडायचा. आणि मी? मी त्या खुर्चीवर जळत होतो. आयुष्यभर इंजिनावर उभा राहिलेला माणूस समोर असताना माझं कोण ऐकणार?

चाचांनी खाकी कापडाची छागल शिवली, अंगठ्याच्या नखाएवढी. पाणी गार राहावं म्हणून फायरमन लोक ती पाण्याची पिशवी खिडकीबाहेर टांगायचे, वाऱ्याला. शिवताना सुई दोनदा बोटात गेली. म्हणाले, “उजवीकडं अडकव. म्या उजवीकडं उभा ऱ्हायचो.”

मी म्हणालो – डावीकडं.

का म्हणालो? खरं सांगतो, आजही कळत नाही. ग्रुपमधले दोघं बघायला आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, सर, तुम्ही तर आत बसलेले, कोणत्या बाजूला होती? आणि तोंडातून निघून गेलं. मग मागं कसं घेणार? वर आणखी म्हणालो, “चाचा, तुमचं वय झालं. माझ्या तर डोळ्यांपुढं आहे अजून.” हेच शब्द! जीभ झडली नाही माझी.

अन्वरनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मास्तर खोटं कशाला बोलतील? त्यानं उजवीकडचा तारेचा हूक काढला आणि डावीकडं डाग दिला. चाचा म्हणाले, “मास्तर म्हणत्यात तर आसंल.”

पण तिथून ते बिथरलेच. घरी उभं राहून हवेत फावडं मारायचे, थांबायचे, मग वळून दुसऱ्या बाजूनं मारून बघायचे. सुनेला वाटलं, म्हातारपण. अन्वरलाही तेच वाटलं. मला एकट्यालाच ठाऊक होतं की त्या छागलीच्या बाजूचं मला काहीच ठाऊक नाही. तरी मी त्यांच्याच घरी बसून चहा पीत होतो.

त्यानंतर कुणीतरी मला एक जुना फोटो पाठवला. एकट्या मलाच. तेच इंजिन, तीच खिडकी, आणि उजव्या बाजूला लोंबणारी छागल. मी म्हटलं, फोटो उलटा छापला असेल. पण इंजिनावरचा नंबर सुलटा होता. मोठा करून चार-चारदा बघितला, सुलटाच.

अन्वरचं दुकान माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. उद्या दाखवू, शुक्रवारी दाखवू – चाचा त्यानंतर अख्खा पावसाळा जगले हो! मी फोटो पुसून टाकला.

शेवटचं भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “मास्तर, मग म्या कुठं उभा हुतो?” राग नव्हता त्यात. न आलेलं गणित पोरगं विचारतं तसं विचारत होते. मी म्हणालो, आराम करा, चाचा. आणि चपला घालून बाहेर पडलो.

दिवस झाल्यावर – म्हणजे त्यांचा चाळिसावा झाल्यावर – अन्वरनं ते इंजिन मलाच आणून दिलं. म्हणाला, “सर, ह्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?” मी घेतलं. काचेच्या कपाटात आहे. पाहुणे आले की बटन दाबतो, ते गोल फिरतं, आणि लोक विचारतात, ही पिशवी कसली? मी सांगतो. कोणत्या बाजूची, हे कुणी विचारत नाही. एकदा पक्कड घेऊन बसलो होतो, हूक काढावा म्हणून. मग वाटलं, अन्वर आला आणि त्यानं पाहिलं तर? पक्कड ठेवून दिली. छागल आहे तिथंच आहे.

चाचा, तुम्ही उजवीकडं उभे होता.